घरचा कप्तान

शनिवारी संध्याकाळी, पराग बिरनाळेच्या घरात, कप्तान अभिराजनं जहाजातले संडास घासले आणि परागच्या तोंडातलं भडंग कडू झालं.

"संडास!" तो खुर्चीतून उठलाच. "शनीच्या कड्यांतून जहाज सुखरूप बाहेर काढणारा माणूस! त्याच्या हातात ब्रश? या लोकांची अक्कल गहाण पडलीय का?"

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको पद्मजा बसली होती. तिनं वाटीतल्या भडंगातला एक शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

"वाईट झालं," ती म्हणाली.

"वाईट झालं म्हणजे काय? मुद्दा समजून घे. माणसाला शिक्षा व्हायची तर त्यानं काही केलेलं तरी पाहिजे. हे उगाचच आपटतायत त्याला. आधी जिन्यावरून पाडला. मग हात मोडला. मग खांद्यावरच्या पट्ट्या काढल्या. आता हे."

"होय की," पद्मजा म्हणाली, आणि दुसरा शेंगदाणा शोधायला लागली.

पडद्यावर अभिराज गुडघे टेकून बसला होता. मागून जहाजाची डॉक्टर मृगा आली, तिचा पाय बादलीला लागला, की तिनं लावला, आणि सगळं घाण पाणी कप्तानाच्या अंगावर गेलं. कप्तान भिजल्या अंगानं तिला काहीतरी समजावत राहिला, आणि भाग संपला.

पराग सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवायचा, पण ती त्याची नोकरी. धर्म विचाराल तर 'शनीपल्याड'. ही मालिका सुरू झाली त्या दिवसापासून तो तिच्या भजनी लागला होता. शनिवारी तो कप्तानासारखं राखाडी जाकीट अंगात घालायचा, एप्रिल-मेमध्येसुद्धा, आणि सांगलीचा मे काय असतो हे ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको. भाग चालू असताना दार उघडायचं नाही, कूकर लावायचा नाही, फोनवर बोलायचं नाही. बिनलसणाचं भडंग दोन वाट्यांत आधीच काढून ठेवायचं. रविवारी सकाळी तोच भाग दुसऱ्यांदा पाहायचा आणि मग प्रतिक्रिया लिहायला बसायचं. एकदा पाहून लिहितो तो प्रेक्षक, दोनदा पाहून लिहितो तो चाहता, असं तो म्हणे. त्याच्या प्रतिक्रियेत जहाजाच्या वेगापासून डॉक्टरच्या उच्चारांपर्यंत सगळ्यांच्या चुका काढलेल्या असत. अवकाशात आवाज जात नाही, मग स्फोट ऐकू कसा आला, हे तर त्यानं इतक्यांदा लिहिलं होतं की गावातल्या चाहत्यांच्या अगस्ती मंडळाला ते तोंडपाठ झालं होतं. अगस्ती हे कप्तानाच्या जहाजाचं नाव.

पद्मजानं शेजारी बसायचं, हाही एक नियमच. तिला अवकाशाची काडीचीही आवड नव्हती. पण एकट्या माणसाच्या घरापेक्षा दोघांच्या घराला भाग जरा लांब मिळतो, असा शोध परागनं लावला होता. "तुला कळलं नाही तरी चालेल," तो तिला म्हणाला होता, "नुसती बस." ती नुसती बसायला लागली. शनिवारमागून शनिवार गेले. नुसतं बसलेलं माणूसही माणूसच असतं, त्याच्याही छातीत काहीतरी धडधडत असतं, ही गोष्ट पदार्थविज्ञानात येत नसल्यामुळे परागच्या ध्यानात आली नाही.

आणि इथंच सगळं नडलं. कारण 'शनीपल्याड' एकदा चित्रित करून सगळ्यांना सारखीच वाढलेली मालिका नव्हती. तो जमाना मागे पडला होता. लेखक आता कथेचा नुसता सांगाडा देत. नटांनी आपापले चेहरे आणि आवाज कंपनीला वापरायला दिलेले असत. बाकीचा भाग ज्याच्या त्याच्या घरात, लोक बघत असतानाच तयार होई. तो तयार करणाऱ्या यंत्राचं नाव होतं पारखी. टीव्हीच्या वरच्या कडेला एक हिरवा ठिपका असे, त्याच्याशेजारी पारखीचा डोळा. हृदयाचा ठोका पडला की गालांत रक्त किंचित वाढतं आणि कातडीचा रंग नखभर बदलतो. आपल्याला तो बदल दिसत नाही, त्या डोळ्याला दिसायचा. श्वास अडला की मोकळा झाला, बाहुली मोठी झाली की बारीक, हेही दिसायचं. त्यावरून पारखी एकच गोष्ट ताडायचा, या माणसाला आत्ता बरं वाटलं की नाही. बरं वाटलं की तेच थोडं वाढवून बघायचं. आणखी बरं वाटलं की आणखी वाढवायचं. घरात दोघं असतील तर ज्याचं बरं वाटणं जास्त जोरकस, त्याच्या बाजूनं गोष्ट वळायची. एकदा तयार झालेला भाग तसाच साठून राही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या सगळ्यांच्या फोनवर येई.

पद्मजाला हे परागच्या आधी कळलं होतं, कारण ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. तिचं कामही तेच होतं. एक भिंग लावायचं, काढायचं, दुसरं लावायचं. आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट? फरक इतकाच की ती तोंडाला विचारायची, आणि तोंड खोटं बोलायचं. म्हातारे लोक नंबर वाढू नये म्हणून तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येत. पारखी तोंडाला विचारतच नव्हता.

परागचा मात्र स्वतःच्या तोंडावर फार भरवसा. तो टीव्हीला दर शनिवारी खडे बोल सुनवायचा. कप्तानाला न्याय द्या, लेखक बदला, असला सगळा दंगा. पारखीच्या लेखी त्या आरडाओरड्याची किंमत रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाइतकी होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पदार्थविज्ञानाचा माणूस, त्याला हे इतके दिवस उमगलं कसं नाही? त्याला कारण त्यानंच घातलेलं सुतक. घरोघरी भाग थोडा निराळा होतो हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. एखादा विनोद, एखादं गाणं, कपड्यांचे रंग. पण कुणाची मजा जाऊ नये म्हणून परागनं दंडक घालून दिला होता की भाग झाल्यावर आठवडाभर आपल्या घरी काय घडलं ते कुणी बोलायचं नाही. याला मंडळात सुतक म्हणत. प्रतिक्रियेतसुद्धा घटना लिहायच्या नाहीत, नुसतं मत लिहायचं. सुतक फिटेपर्यंत नवा भाग येऊन पडे आणि शिळ्याबद्दल बोलायची हौस कुणाला उरत नसे. दीड महिना पराग 'कप्तानावर अन्याय' म्हणून लिहीत होता, आणि लोक म्हणत होते, बिरनाळे सरांना काही म्हणजे काही पसंतच पडत नाही.

त्या रविवारी सकाळी त्यानं संडासाचा भाग दुसऱ्यांदा लावला. बादलीचा प्रसंग आला तशी त्यानं मान खाली घातली आणि उरलेलं नुसतं ऐकलं. नियम होता म्हणून पार पाडला, इतकंच.

संध्याकाळी आमराईच्या बागेत मंडळ जमलं. शिरगुप्पे काका, पोस्टातून निवृत्त झालेले, मनानं अगदी साधे, आल्या आल्या हात जोडून उभे राहिले.

"सर, माफ करा. सुतक मोडतोय. पण राहवेना झालंय बघा. काल कप्तानाला शनीचा राज्यपाल केला की हो! मी रडलो. घरात सगळी रडली."

"माझ्याकडं पण!" कुणीतरी म्हणालं. "आणि मिरवणूक काय काढली!"

"माझ्याकडं लग्न लागलं त्याचं, मृगाबरोबर."

सुतक असं भराभर मोडलं. पराग एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"सर, तुमच्याकडं काय झालं?" शिरगुप्पे काकांनी विचारलं.

"संडास घासतोय," पराग म्हणाला.

मग कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळेच. शिरगुप्पे काका तेवढे हसले नाहीत. "यंत्रच ते, बिघडलं असंल," ते म्हणत राहिले, पण त्यांचं कोण ऐकतो? लोकांनी दाखवा दाखवा म्हणून गलका केला, आणि परागनं आपली बाजू खरी आहे हे पटवायला फोनवर तो प्रसंग लावला. माणसानं इतकं सरळ असू नये.

हसणं हळूहळू थांबलं. फोनमधला कप्तान अभिराज ब्रश खाली ठेवून मृगाला काही समजावत होता. त्याच्या नाकावर चौकोनी चष्मा होता. त्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि म्हणाला, "मुद्दा समजून घे."

"सर," कुणीतरी हळूच म्हणालं, "हे तर तुम्हीच की."

परागच्या हे आधीच लक्षात आलं होतं. चष्मा, बोट, बोलणं, दर भागात कप्तान थोडा थोडा त्याच्यासारखा होत चालला होता. त्याला वाटलं होतं, आपण इतकी भक्ती केली म्हणून देव प्रसन्न झाला. तो मनातून फुशारला होता.

"घरात कुणाच्या तरी पोटात दुखतंय सर," एक जण म्हणाला. "आणि तुमच्या घरात आहे कोण? तुम्ही, नाहीतर वहिनी."

यावर मात्र पुन्हा सगळे पोट धरून हसले.

पराग घरी आला तेव्हा पद्मजा कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं तिचा दंड धरून तिला तिच्या खुर्चीत बसवलं आणि भाग लावला. स्वतः मात्र टीव्हीखाली, तिच्याकडे तोंड करून, जमिनीवर बसला.

"हे काय आता?"

"बघ. नुसती बघ."

मागे पडद्यावर कप्तान रांगत होता. परागला तो दिसत नव्हता, त्याला नुसती पद्मजा दिसत होती. तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा होता. असाच चेहरा तो इतकी वर्षं पाहत आला होता, आणि हे माणूस शांत आहे असं समजत आला होता. मग बादली कलंडल्याचा आवाज आला. चेहरा तसाच राहिला, पण तिच्या पायाची बोटं चपलेत वळली आणि अलगद सैल सुटली. तिनं एक श्वास सोडला. मोठं ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा.

परागनं टीव्ही बंद केला.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

खोटं बोलून बघावं असं तिला वाटलं असणार. मग तिनं तो विचार सोडून दिला.

"बाबा गेले त्या दिवसापासून," ती म्हणाली.

तो शनिवार होता. भाग सुरू असताना जयसिंगपूरहून तिच्या भावाचा फोन आला होता. बाबांचं काही खरं नाही, असाल तसे निघा. पराग म्हणाला होता, शेवटचाच प्रसंग उरलाय, तेवढा होऊ दे, तू मध्येच उठलीस तर भाग तुटतो. जयसिंगपूर काही लांब नाही. पडद्यावर कप्तान अभिराज शनीच्या कड्यांसमोर उभा राहून कर्तव्यावर बोलत होता. तो बराच वेळ बोलला. ते पोचले तेव्हा बाबांचे डोळे भावानं नुकतेच मिटले होते.

"दादा म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडं बघत होते," पद्मजा म्हणाली. "मी या खुर्चीत होते. रडलेसुद्धा नाही. पण त्या ठिपक्याला कळलं. त्याला वाटलं असेल, हिचा या कप्तानावर काहीतरी राग आहे. पुढच्या शनिवारी त्यानं त्याला जिन्यावरून पाडलं. एवढंसंच. आणि अहो, मला बरं वाटलं. मग त्याच्या पुढच्या शनिवारी हात मोडला."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"दिवसभर माणसांना विचारते मी, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं. मला या घरात कुणी विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं." तिनं बंद टीव्हीकडे हात केला. "चष्मा मी नाही मागितला. बोटसुद्धा नाही. ते त्यानंच एकेक लावून बघितलं, आणि माझं अंग हो म्हणत गेलं. मी शनिवारची वाट बघायला लागले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

इथं एखाद्या माणसाला लाज वाटली असती. परागलाही कुठंतरी खोल वाटली असेल, पण वर आला तो रागच. त्याला बाबांचे डोळे आठवले नाहीत. त्याला मंडळाचं हसणं आठवलं, आणि पुढच्या शनिवारचा भाग आठवला. हंगामातला शेवटचा भाग. जहाजावर कप्तानाचा खटला चालणार होता.

"तू या खोलीत असलीस तर ते त्याला जहाजाबाहेर फेकतील," तो म्हणाला.

"होय," ती म्हणाली. "फेकतील."

"मग तू इथं नकोस."

"एका मालिकेपायी?"

"मुद्दा समजून घे..." परागचं बोट वर गेलं. पद्मजानं त्या बोटाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. मोठ्यानं, खदखदून, आवरता आवरेना. लग्नानंतर तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं, आणि ते हसू त्यानं तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली. जाताना मात्र ती हसत नव्हती. सारा संसार दोन बॅगांत भरताना कुणालाही हसू येत नाही. दारात ती जरा थांबली. त्यानं थांब म्हणायला हवं होतं, निदान जेवून जा म्हणायला हवं होतं. तो टीव्हीच्या तारा तपासत होता.

शनिवार उजाडला, मावळला. परागनं जाकीट घातलं, भडंगाची एकच वाटी भरली, आणि पद्मजाची खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. पारखीच्या डोळ्यासमोर आता तो एकटाच होता. भाग लांबीला थोडा कमी मिळाला तरी चालेल, कप्तान वाचला पाहिजे.

सुरुवात वाईटच होती. अभिराजच्या हातात बेड्या, अंगावर त्या बादलीचे डाग. परागनं श्वास रोखून धरला. पारखीनं तो श्वास पाहिला, शेजारची मोकळी जागा पाहिली, आणि खटल्याचं पारडं फिरायला लागलं. साक्षीदार उलटले. न्यायाधीशांनी कप्तानाची माफी मागितली. बेड्या गळाल्या, पट्ट्या परत आल्या, राखाडी जाकीट कडक इस्त्री होऊन आलं. परागच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण बरोबर होतो, असं तो मोठ्यानं म्हणाला. चष्मा आणि बोट तेवढं कप्तानाला तसंच राहिलं, पण आता त्याला त्यात काही वावगं दिसेना.

मग पारखीनं पुढचं भिंग लावलं.

डॉक्टर मृगाला समोर आणण्यात आलं. बादलीला पाय हिनंच लावला होता, हे सगळ्यांना आता कळलं होतं. कप्तानानं तिला सर्वांदेखत चार शब्द सुनावले आणि तिनं मान खाली घातली. परागला बरं वाटलं. मग तिला गुडघे टेकायला लावलं. आणखी बरं वाटलं. दर वेळी चित्र बदलून तिच्यावर येई तेव्हा ती जराशी वेगळी दिसे. केस कानामागे सारायची लकब आली. हनुवटीखाली तीळ आला. मग ते डोळे आले, कोऱ्या पाटीसारखे, आणि परागनं ते ओळखले.

तेवढ्यात जहाजावर संदेश आला. मृगाचे वडील शनीच्या एका चंद्रावर शेवटच्या घटका मोजत होते. तिला छोटं यान हवं होतं. कप्तानानं बोट वर केलं. "माझं बोलून होईपर्यंत थांब," तो म्हणाला, आणि कर्तव्यावर बोलायला लागला.

परागच्या पोटात काहीतरी ऊबदार पसरलं. थंडीत गरम दूध प्यायल्यासारखं. ते काय आहे हे त्याला कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"नको," तो म्हणाला. "हे चूक आहे. बंद करा हे!" तो चांगला खणखणीत ओरडला. रिमोट त्याच्या हातात होता, अंगठा बटणावर होता. बटण दाबलं की संपलं असतं. त्यानं दाबलं नाही. पुढं काय होतं तेवढं बघू, असं काहीसं त्याच्या मनात आलं.

पुढं मृगाला जहाजाबाहेर जायच्या दोन दारांमधल्या छोट्या खोलीत ढकललं, आणि बाहेरचं दार उघडलं. ती काचेवर हात आपटत होती, तोंड उघडून किंचाळत होती, आणि कसलाही आवाज येत नव्हता. अवकाशात आवाज जात नाही. इतकी वर्षं सगळ्यांची जी चूक तो काढत आला ती पारखीनं या वेळी केली नव्हती. पोकळीत माणूस लगेच मरत नाही, आधी काही सेकंद शुद्धीत असतो, मग शुद्ध हरपते, आणि वेळीच आत घेतलं तर पुन्हा येते. हेही परागनं एकदा प्रतिक्रियेत समजावून सांगितलं होतं. पारखीनं तेही अचूक केलं. मृगा निपचित झाली, तिला आत घेतलं, शुद्धीवर आणलं. तिनं डोळे उघडून कप्तानाकडे पाहिलं. तिला पुन्हा बाहेर काढलं.

असं किती वेळ चाललं, कोण जाणे. एकट्या माणसाचं घर असूनही भाग लांबतच गेला, दोघांचा असताना कधी लांबला नव्हता इतका. भडंगाची वाटी तशीच भरलेली राहिली.

रविवारी सकाळी फोन वाजला. पद्मजा होती.

"बघितला," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या घरचा भाग. सकाळी फोनवर आला. घरच्या माणसांत माझं नाव अजून आहे की."

परागनं तारा तपासल्या, खुर्ची हलवली, ते नाव काढायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"दादा पण होता शेजारी," ती म्हणाली.

"पद्मा, ऐक. ते यंत्र आहे. ते काहीही करतं. मी ओरडत होतो, बंद करा म्हणून. तुझी शपथ. मला ते अजिबात आवडलं नाही."

"तोंडाला कोण विचारतंय?" पद्मजा म्हणाली.

पलीकडे कुणीतरी तिला फोन ठेव म्हणत होतं. तिनं ठेवला नाही.

"मी त्याला एकदाच बाहेर फेकणार होते," ती म्हणाली. "आणि आठवडाभर मला झोप नव्हती, की मी असली कसली बाई. नवऱ्याचा चेहरा लावून त्याला मारायला निघाले. परत यावं, माफी मागावी, असं ठरवलं होतं मी. आज निघणार होते. तुम्ही मला परत परत आत घेतलंत. मरूसुद्धा दिलं नाहीत. बरं झालं. आता स्पष्ट झालं."

फोन बंद झाला.

पराग तसाच उभा राहिला. त्याला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. गाडी काढावी, जयसिंगपूरला जावं, दारात बसून राहावं, असं त्याच्या मनात आलं. जयसिंगपूर काही लांब नाही. तेवढ्यात शिरगुप्पे काकांचा निरोप आला. सर, सुतक आहे, काही सांगू नका, पण कप्तान सुटला असला तर प्रतिक्रिया लवकर टाका, सगळे वाट बघतायत.

त्यानं डोळे पुसले. प्रतिक्रिया लिहायची तर भाग आधी दुसऱ्यांदा पाहायला हवा, आणि पराग बिरनाळे काही नियम मोडणारा माणूस नव्हता. त्यानं जाकीट घातलं, वाटी जवळ ओढली, आणि भाग पहिल्यापासून लावला. हिरवा ठिपका लागला. खटला त्यानं पुढं पळवला. दोन दारांमधली ती खोली आली. संडासाच्या भागासारखं हेही दुसऱ्यांदा पाहणं जड जाईल असं त्याला वाटलं होतं. गेलं नाही.